साठीनंतर जुनी मोटरसायकल : निवड कशी करावी, जपावं कुठे?

(एका मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

संथगती
साठीच्या उंबरठ्यावर जुनी मोटरसायकल घ्यावीशी वाटणारे बरेच जण असतात. शाळेत असताना जिचा आवाज कानात बसला तीच गाडी हवी असते, आणि आता हाताशी वेळही असतो. पण मन विशीतलं आणि गुडघा साठीतला, अशा वेळी निवड कशी करायची?

चर्चेपुरत्या तीन गाड्या धरू : उजव्या पायाला गिअर असलेली जुनी बुलेट ३५०, जावा २५० आणि यामाहा आरएक्स १००. वापर आठवड्यातून एक-दोनदा, ४०-५० किलोमीटर, दिवसाउजेडी. किंमत आणि मिरवणं बाजूला ठेवा. शरीराला काय झेपतं, यंत्र कुठे दगा देतं आणि त्यावर उपाय काय, तेवढंच लिहा.

चाकोरी
आधी वजन पाहा. बाकी सगळं नंतर.

पॉइंटगॅप
वजनाच्याही आधी किक. गाडी चालवायला लागलं की वजन विसरायला होतं, पण किक प्रत्येक वेळी मारावी लागते आणि वाटेत बंद पडली तर तापलेल्या इंजिनावर मारावी लागते.

बुलेटला ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. थंड असेल तर चोक, आणि इग्निशन बंद ठेवून दोन-तीन सावकाश किका, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण जातं. मग इग्निशन चालू. किक हळूहळू खाली नेत राहायची. पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच) मिटलेले असतात तोवर ॲमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि ते उघडले की मधोमध येतो. पायाला घट्ट अडथळा लागला आणि काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवायची, जेमतेम बोटभर. पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पलीकडे गेला. आता डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि शरीराचं वजन टाकून शेवटपर्यंत एकच किक मारा. अर्ध्यात पाय थांबवायचा नाही.

उलटी किक बसते ती नेमकी इथे. ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी पडते. फ्लायव्हीलला पुरेसा वेग नसेल तर स्फोट पिस्टनला मागे ढकलतो आणि सगळा जोर घोट्यावर येतो. मुख्य कारणं दोन : अर्धवट किक, किंवा ॲडव्हान्स युनिटची (इंजिनाच्या वेगानुसार ठिणगी लवकर-उशिरा पाडणाऱ्या भागाची) वजनं गंजून पुढच्या स्थितीतच अडकलेली. दुसरं कारण तपासायला डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, पॉइंट उघडणारा कॅम बोटाने फिरवून सोडा. स्प्रिंगने तो झटकन जागेवर यायला हवा. रेंगाळत आला तर ते युनिट साफ होईपर्यंत किकला पाय लावू नका. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, आणि पायात जाड, न वाकणाऱ्या तळव्याचा बूट हवाच. चप्पल घालून बुलेटला किक मारणं म्हणजे घोटा पणाला लावणं.

ओलं काजळ
पॉइंटगॅपनी बुलेटचं सांगितलं, मी टू-स्ट्रोकची बाजू मांडतो. आरएक्स १०० शंभर किलोच्या आसपास, बुलेट १६०च्या वर, जावा मधे. आरएक्सची किक हाताने दाबली तरी इंजिन फिरतं. शिवाय क्लच दाबून गिअरमध्ये असतानाही किक लागते, म्हणजे चौकात बंद पडली तर न्यूट्रल शोधत बसावं लागत नाही. साठीनंतर पहिली जुनी गाडी कोणती, असं विचाराल तर माझं उत्तर हेच.

जावाची गंमत वेगळी. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून फिरवला की किक, परत फिरवून बसवला की गिअर. पायाने गिअर हलवताच क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे डाव्या हाताची पकड कमी झालेल्यांना ती सोयीची. मात्र त्या क्लचचं ॲडजस्टमेंट चुकलं की गिअर टाकताना गाडी हिसका देते.

पाठकणा
शरीराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर कुणी बोलत नाही.

गुडघा : सांधा बदललेला असेल तर बाजू विचारात घ्या. जावाचा दांडा डाव्या बाजूला आहे, बुलेट आणि आरएक्सची किक उजव्या. बुलेटला डबल स्टँडवर लावून, शेजारी उभं राहून दुसऱ्या पायाने किक मारता येते, पण त्याचा सराव आधी घरी करावा लागतो. किक मारताना गुडघा सरळ ताठ होऊ द्यायचा नाही, शेवटपर्यंत किंचित वाकलेला ठेवायचा.

मान : मागे वळून बघणं कमी होतं. जुन्या गाड्यांना बहुधा एकच आरसा असतो किंवा नसतोच. दोन्ही बाजूंना आरसे लावा. हँडलच्या टोकाला बसणारे आरसे कंपनात कमी थरथरतात असं नाही, पण खांद्याच्या पलीकडचं दाखवतात.

डोळे : वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीएवढी मोठी होत नाही, आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या दिव्याने डोळे दिपतात. त्यात अनेक जुन्या गाड्यांचा ६ व्होल्टचा पिवळा दिवा. धागाकर्त्याने "दिवसाउजेडी" लिहिलं आहे, ते तसंच पाळावं.

औषधं : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. अशांनी डॉक्टरांशी "मी मोटरसायकल चालवतो" हे शब्द उच्चारून बोलावं. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उभं राहिलं की भोवळ येते, म्हणून तास-दीड तास बसून आल्यावर उतरताना घाई नको. तहान लागल्याची जाणीवही वयाबरोबर बोथट होते. दर ४० मिनिटांनी थांबा आणि तहान नसली तरी पाणी प्या.

बोटं बधिर होत असतील तर हँडल घट्ट धरण्याची सवय आधी सोडा. सिंगल सिलिंडरचं कंपन आवळलेल्या मुठीतून सरळ मनगटात जातं.

चाकोरी
+१. औषधांचं वाचून बरं वाटलं, हे आधी कुणी लिहिलं नव्हतं.

मोजपट्टी
ब्रेकचं गणित मांडतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. अडथळा दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला तर गाडी २५ मीटर तशीच पुढे जाते. त्यापुढे चांगल्या स्थितीतल्या जुन्या ड्रम ब्रेकने गाडीचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असं धरा : आणखी ३५ मीटर. एकूण ६०.

नव्या डिस्क ब्रेकला तोच आकडा ७ धरू, आणि चालवणाऱ्याचा वेळ एक सेकंद. १७ अधिक २०, म्हणजे ३७ मीटर.

आता जुन्या गाडीचा वेग ४५ करा. दीड सेकंदात १९ मीटर, ब्रेकने १९.५. एकूण ३८ ते ३९. म्हणजे ताशी ४५ने चालणारा साठीतला माणूस जुन्या गाडीवर तेवढ्याच अंतरात थांबतो, जेवढ्यात ताशी ६०चा तरुण नव्या गाडीवर. फरक फक्त १५चा आहे. तो आधीच सोडून दिला तर बाकी चिंता बरीच कमी होते.

मूळरंग
गणित मान्य. पण यावरून लगेच "डिस्क बसवा, इलेक्ट्रिक स्टार्ट बसवा" सुरू होऊ नये एवढीच विनंती. जुनी गाडी तिच्या मूळ रूपात जपणं हा या छंदाचा गाभा आहे. फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) ड्रमसाठी बनलेले असतात. त्यावर डिस्क चढवली की ब्रेकचा सगळा जोर एकाच पायावर येतो, फोर्क पिळतो, आणि मूळ हब एकदा कापला की परत येत नाही.

मोजपट्टी
मूळरंग, डिस्कबद्दल सहमत. पण मूळ ड्रमही त्याच्या पूर्ण ताकदीने चालतो आहे का, हे किती जण बघतात? बहुतेक जुन्या गाड्यांचा पुढचा ब्रेक निम्म्याच क्षमतेवर असतो, आणि तो सुधारायला एकही मूळ भाग बदलावा लागत नाही.

चाक काढा. लायनिंगचा (ब्रेकच्या शूवर चिकटवलेल्या, घासणाऱ्या अस्तराचा) चुरा हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. लायनिंग काचेसारखं चकाकत असेल तर तोंडाला मास्क लावून, ते ओलं करून खरखरीत पॉलिश पेपर फिरवा. तेल शिरलं असेल तर धुऊन काही होत नाही, नवं लायनिंग चिकटवून घ्यावं लागतं. ब्रेकच्या कॅमला ग्रीस अगदी पुसट.

परत बसवताना ॲक्सलचा नट पूर्ण आवळू नका. चाक हाताने जोरात फिरवा, ब्रेक करकचून दाबा, आणि दाबून धरलेला असतानाच नट आवळा. त्यामुळे शू ड्रमच्या बरोबर मध्यात बसतात आणि दोन्ही सारखे टेकतात. शेवटी ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि ड्रमवरचा दांडा यांच्यातला कोन ९० अंशांच्या जवळपास, थोडा कमीच असावा. ९०च्या पुढे गेला की दाबाल तेवढा जोर वाया जातो. लिव्हर हातात धडधडत असेल तर ड्रम लंबगोल झालाय, तो लेथवर नीट करून घ्यायला हवा.

मूळरंग
हे पटलं. नट आवळण्याची युक्ती तर प्रत्येकाने लिहून ठेवावी अशी.

संथगती
सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. (१) टू-स्ट्रोकला तेल किती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. (२) गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर अधूनमधून पाच मिनिटं सुरू करून ठेवावी का?

ओलं काजळ
आरएक्सला तेलाची टाकी वेगळी, पंप स्वतः तेल देतो. त्यात एकच पथ्य : टाकी कधीही पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. झाली तर पंपात हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय नुसतं तेल भरून गाडी चालवली तर पिस्टन जाम होतो.

जावाला पेट्रोलमध्येच तेल. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:३३ म्हणजे ३० मिली, १:५० म्हणजे २० मिली. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलावर ३० मिली ठीक. २० वर उतरू नये, कारण ते प्रमाण ज्या इंजिनांत गजन पिनला (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनला) नीडल बेअरिंग असतं त्यांच्यासाठी आहे, नुसत्या बुशवर चालणाऱ्या जुन्या इंजिनासाठी नाही. "जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित" हेही खरं नाही. तेल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

उतारावर थ्रॉटल बंद करून लांबवर गाडी सोडू नका. पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं, इंजिन मात्र फिरत असतं. मधून मधून थोडी रेस द्या. आणि चालता चालता इंजिन आखडल्यासारखं, जड वाटलं की पहिलं काम क्लच दाबणं. म्हणून उतारावर दोन बोटं कायम क्लचवर.

विकत घेताना क्रँकचे दोन ऑइल सील तपासा. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल इंजिन पितं : पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं गेलं तर हवा आत शिरते : थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही. पहिलं त्रासदायक, दुसरं धोकादायक, कारण पिस्टन त्यानेच जाम होतो.

रिकामी टाकी
दुसऱ्या उपप्रश्नाचं उत्तर : नाही. पाच मिनिटं चालवून बंद केलेलं इंजिन न चालवलेल्यापेक्षा वाईट. जळणातून पाणी तयार होतं, इंजिन तापलंच नाही तर ती वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचते. सुरू करायची तर २०-२५ मिनिटं रस्त्यावर चालवून पूर्ण तापवा, नाहीतर हात लावू नका. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उभी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबरचा स्क्रू काढून तिथलं पेट्रोल सांडून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि तळ म्हणजे नेमकी कार्ब्युरेटरची वाट. जुने रबरी पाइप त्याने फुगतात आणि मऊ पडतात, इथेनॉल सोसणारे पाइप आणि वॉशर बदलून घ्या. फायबरग्लासची टाकी असेल तर तिचं रेझिनच विरघळायला लागतं. इथेनॉल जास्त असलेल्या पेट्रोलवर मिश्रणही पातळ होतं. प्लगचं टोक पांढरट दिसू लागलं तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा टाकून पाहा. फिकट तांबूस रंग यायला हवा.

टाकी आतून गंजली असेल तर कॉक काढून भोक बंद करा, दर लिटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्व घालून टाकी काठोकाठ भरा. रात्रभर ठेवा, २४ तासांच्या वर नाही. गंजाचे पापुद्रे जाड असतील तर आत थोडे नट टाकून हलवा, आणि पंचवीस टाकले असतील तर पंचवीस मोजून बाहेर काढा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. "लगेच" महत्त्वाचं. ओला, उघडा पडलेला पत्रा काही मिनिटांत परत तांबूस होतो. वाळली की आतून तेलाचा हात फिरवा.

टपकतं तेल
धाग्यात ब्रिटिश गाड्या राहून गेल्या. कुणी बीएसए किंवा ट्रायम्फचा विचार करत असेल तर तीन गोष्टी.

एक, साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं. सवयीने बॅटरीची निगेटिव्ह वायर चॅसीला जोडली तर रेक्टिफायर (बॅटरी चार्ज होण्यासाठी वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) क्षणात जातो. एलईडी बल्ब घेतानाही हे बघा, काही बल्ब एकाच दिशेने चालतात.

दोन, पाने वेगळे लागतात. व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. मिलिमीटरचा पाना "साधारण बसतो" म्हणून वापरला की नटाचे कोपरे गोल होतात.

तीन, उभ्या गाडीत तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून वर तेल ओतू नका. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून तेल परत वर आलं की मगच पातळी बघा. महिनाभर उभी असेल तर आधी खालचा प्लग काढून साचलेलं तेल काढून घ्या.

चाकोरी
त्या तेलाच्या पाइपात कॉक बसवतात ना? उभी ठेवली की बंद.

टपकतं तेल
बसवतात, आणि एक दिवस उघडायला विसरतात. मग थोड्याच वेळात बिग एंड (क्रँकवरचं मोठं बेअरिंग) संपतो. बसवायचाच असेल तर कॉकला स्विच जोडा, म्हणजे कॉक उघडल्याशिवाय इग्निशनच लागणार नाही. तशी सोय नसेल तर दर वेळी तेल काढत बसणं परवडलं.

एक झोका
गाडी आडवी झाली तर उचलायची कशी? साठीनंतरचा खरा प्रश्न हा आहे.

पाठकणा
बरोबर आहे, पाठ जाते ती इथेच. आधी इग्निशन आणि पेट्रोलचा कॉक बंद. उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे कलंडणार नाही. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, एका हाताने खालची मूठ धरा, दुसऱ्याने सीटखालचा चॅसीचा नळा. पाठ ताठ, नजर समोर, आणि पायांनी मागे मागे छोटी पावलं टाकत जा. हातांनी ओढायचं नाही. दोन प्रयत्नांत उचलली नाही तर थांबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारा.

डबल स्टँडचंही तसंच. मागच्या चाकाखाली १५-२० मिलिमीटर जाडीची फळी ठेवा आणि स्टँडच्या दांड्यावर टाचेने पूर्ण उभे राहा. गाडी आपली आपण वर जाते, हात फक्त तोल सांभाळायला.

पॉइंटगॅप
टायर कुणी लिहिले नाहीत. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो. बाजूवर चार आकडी शिक्का बघा : २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. सहा वर्षांनंतर दर वर्षी भेगा तपासा, दहानंतर नक्षी कितीही खोल असली तरी बदला. तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा आहे, त्यावर फेरीसुद्धा नको. ट्यूब आणि रिमची पट्टीही सोबत बदला.

आणि क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असेल तर मोटारीचं तेल घालू नका. डब्यावर जासो एमए (तेलातल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं हवं, नाहीतर प्लेटा घसरतात.

संथगती
मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं धरून खरेदीआधीची चाचणी अशी ठरवली आहे : थंड इंजिनावर सुरू होते का ते स्वतः किक मारून पाहणे. डबल स्टँडवर तीनदा चढवणे. रिकाम्या जागेत, इंजिन बंद ठेवून, शेजारून चालत पाच मीटर मागे ढकलणे. किकवर उभं राहून ती सावकाश खाली जाते की धपकन (म्हणजे सिलिंडरमधला दाब कमी), हे बघणे. चॅसी आणि इंजिन नंबर कागदांशी ताडणे आणि नंबराभोवती घासल्याच्या खुणा नाहीत ना ते पाहणे. यातलं काही दमछाक करणारं निघालं तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडायची. आरएक्सपासून सुरुवात, बुलेट नंतर झेपली तर. काही राहिलं?

मूळरंग
एक वही. टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) गॅप, पॉइंट, जेटचा नंबर, वायरिंगमधले बदल, सुटे भाग कुठे ठेवले आहेत, कागदपत्रं कुठे आहेत. पुढे गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल तेव्हा ही वही नसेल तर नवा माणूस सगळं पहिल्यापासून उलगडत बसतो, नाहीतर चांगली गाडी भंगारात जाते.

ओलं काजळ
यादी उत्तम. फक्त पहिल्या मुद्द्याला जोड : पोचल्या पोचल्या, बोलणं सुरू करायच्या आधी, सिलिंडरवरच्या, तो थंड ठेवणाऱ्या पात्यांजवळ हाताची उलटी बाजू न्या. कोमट लागलं तर गाडी आधीच तापवून ठेवलेली आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.